पाण्याची वाट आणि मुलांचे प्रश्न

प्राथमिक शाळेतील मुलांना स्वच्छतेचा पाठ देणे ही सोपी गोष्ट आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. 'कचरा कचरापेटीत टाका' हे वाक्य फळ्यावर लिहावे, मुलांकडून ते दहा वेळा गिरवून घ्यावे, वर्षातून एकदा त्यांच्या हाती खराटे देऊन पटांगण झाडून घ्यावे, की पाठ संपला. हा पाठ खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो अपुरा आहे. आणि काही ठिकाणी अपुरा पाठ हा खोट्या पाठाइतकाच घातक ठरतो. असे एक ठिकाण म्हणजे चेन्नई शहराच्या उत्तर टोकाला, खाडीच्या काठी वसलेले एन्नोर.

एन्नोरमधील आठ-नऊ वर्षांचे मूल शाळेत येताना जे पाहते ते लक्षात घ्या. रस्त्याकडेच्या गटारात खाऊची रिकामी पाकिटे अडकलेली असतात. खाडीच्या पलीकडे औष्णिक वीजकेंद्राची उंच धुराडी दिसतात. खाडीच्या तळाशी बसलेला करडा थर ही राख आहे, हे त्याने घरातल्या मोठ्या माणसांकडून ऐकलेले असते. अशा मुलाला शिक्षकाने केवळ एवढेच सांगितले की, 'तुम्ही पाकिटे टाकता म्हणून खाडी घाण होते,' तर ते मूल तोंडाने 'होय' म्हणेल. पण त्याचे डोळे त्याला वेगळे सांगत असतील. पुस्तकातले एक आणि प्रत्यक्षातले एक, अशी फारकत मुलाच्या मनात एकदा झाली की पुढे कोणताही पाठ त्याच्या मनापर्यंत पोहोचणे कठीण असते.

याउलट, 'हे सारे कारखान्यांचे काम आहे, आपल्या हातात काय आहे?' असे सांगणारा शिक्षकही मुलाचे नुकसानच करतो. कारण त्यायोगे मुलाचा हात दुबळा होतो आणि पाकीट गटारात टाकण्यास त्याला एक सबब मिळते. तेव्हा प्रश्न असा आहे : लहान मुलांना भीती न दाखविता, कोणाविषयी द्वेष न शिकविता आणि तरीही खोटे न बोलता, पाण्याच्या रक्षणाचा पाठ कसा द्यावा? प्रस्तुत प्रकरणात तिसरी-चौथीच्या वर्गासाठी अशा पाठाची एक रूपरेषा मांडली आहे.

तीन पाण्यांचा संगम

पाठ देण्यापूर्वी शिक्षकाला स्वतःला खाडीची ओळख असली पाहिजे. एन्नोरच्या खाडीत तीन दिशांचे पाणी एकत्र येते. पश्चिमेकडून येते ती कोसस्थलैयार नदी. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू यांच्या सीमाभागातून निघून सुमारे १३५ किलोमीटरचा प्रवास करीत ती येथे समुद्राला मिळते. वाटेत पूंडी येथे १९४४ साली बांधून पुरा झालेला जलाशय आहे. चेन्नईच्या पिण्याच्या पाण्याचा तो एक प्रमुख आधार होय. दुसरे पाणी बकिंगहॅम कालव्याचे. समुद्रकिनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण जाणारा हा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास ते एन्नोर असा खणण्यास सुरुवात झाली आणि पुढे तो आंध्रातील काकीनाड्यापासून दक्षिणेस मरक्काणमपर्यंत, सुमारे ८०० किलोमीटर लांबीचा झाला. एके काळी त्यातून मीठ, धान्य आणि सरपण वाहून नेणाऱ्या नावा चालत. तिसरे पाणी पूर्वेकडचे, म्हणजे बंगालच्या उपसागराचे; ते भरतीबरोबर खाडीच्या मुखातून आत येते.

खाडीकाठी कोळ्यांच्या वस्त्या आहेत. तमिळमध्ये किनाऱ्यावरच्या अशा वस्तीला 'कुप्पम' म्हणतात. आपल्याकडील कोळीवाड्यासारखाच हा शब्द. काट्टुकुप्पम, नेट्टुकुप्पम, ताळंकुप्पम, मुगत्तुवारकुप्पम अशी त्यांची नावे आहेत. यांपैकी शेवटचे नाव शिक्षकाने मुलांना मुद्दाम फोडून सांगावे. 'मुगत्तुवारम' म्हणजे नदीचे मुख. तेव्हा हे मुखावरचे गाव. गावाच्या नावातच भूगोल सांगितलेला असतो, हे मुलांना एकदा उमगले की ती आपल्या आजूबाजूच्या प्रत्येक नावाकडे कुतूहलाने पाहू लागतात.

याच खाडीभोवती गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत मोठे उद्योग उभे राहिले. १९४८ साली येथे मोटारींचा कारखाना निघाला. १९७० साली एन्नोरचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. ते २०१७ साली बंद करण्यात आले. १९९४ पासून खाडीच्या उत्तरेस दुसरे, अधिक मोठे केंद्र चालू झाले, आणि त्यानंतर जवळच वल्लूर येथे तिसरे. २००१ साली एन्नोरचे बंदर वाहतुकीस खुले झाले. आज ते कामराजर बंदर म्हणून ओळखले जाते. दक्षिणेस मणली येथे तेलशुद्धीकरणाचा आणि रासायनिक खतांचा उद्योग आहे. कथिवाक्कम ही एन्नोर परिसराची नगरपालिका २०११ साली चेन्नई महानगरपालिकेत विलीन झाली.

वर्गातील एकाच बाकावर कोळ्याचे मूल आणि वीजकेंद्रातील कामगाराचे मूल शेजारी शेजारी बसते, ही गोष्ट शिक्षकाने कधीही विसरू नये. एकाचा बाप जाळे टाकतो, दुसऱ्याचा बाप पाळीवर जातो. आणि वर्गातला दिवा ज्या विजेवर जळतो ती वीज कोळशापासूनच येते. पाठाचा हेतू या दोन मुलांत भांडण लावणे हा नव्हे, तर दोघांनाही एकच पाणी दाखविणे हा आहे.

पहिला तास : पाकिटाचा प्रवास

पहिल्या तासाला उपदेश अजिबात करू नये. शिक्षकाने मुलांना शाळेच्या दारातील गटारापाशी न्यावे आणि एकच प्रश्न विचारावा : 'हे पाणी कोठे जाते?' मुले बहुधा 'खाली' किंवा 'बाहेर' असे उत्तर देतील. कोणतेही उत्तर चूक ठरवू नये. नंतर वर्गात येऊन फळ्यावर शाळा, गटार, मोठा नाला, कालवा, खाडी आणि समुद्र अशी सहा ठिकाणे लिहून त्यांना जोडणारी रेघ मुलांकडूनच काढून घ्यावी. हा त्यांचा पहिला जलनकाशा होय.

यानंतर खेळ. एका मुलाने खाऊचे पाकीट व्हावे, एकाने केळीचे साल, एकाने काचेची बाटली, एकाने कोळ्याच्या तुटलेल्या जाळ्याचा तुकडा. वर्गातील बाकांमधली वाट हाच नाला समजावा. प्रत्येक 'वस्तू'ने नाल्यातून चालत जावे आणि वाटेत आपले काय होईल ते सांगावे. केळीचे साल म्हणेल, 'मी कुजून जाईन.' बाटली म्हणेल, 'मला भंगारवाला उचलील.' पाकीट मात्र खाडीपर्यंत जाईल. तेथेही त्याचा प्रवास संपत नाही. उन्हाने आणि लाटांनी त्याचे तुकडे होतात. तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे होतात. पण ते कुजत नाही. पाच मिलिमीटरहून लहान असलेल्या अशा कणांना शास्त्रज्ञ सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. मासा त्यांना अन्न समजून गिळतो.

मुलांचा विश्वास शब्दांपेक्षा डोळ्यांवर अधिक असतो. म्हणून त्याच दिवशी एका मोठ्या कुंडीत माती भरून तिच्यात केळीचे साल, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी आणि खाऊचे पाकीट पुरून ठेवावे, रोज थोडे पाणी शिंपडावे आणि महिन्याने कुंडी उकरावी. काय गेले आणि काय राहिले हे मुलांनीच सांगावे. हा प्रयोग जुनाच आहे. पण पहिल्यांदा करणाऱ्या मुलाला तो दरवेळी नवा वाटतो.

दुसरा तास : मोजणी

दुसऱ्या तासाला मुलांनी शाळेच्या आवारातील आणि दारासमोरील कचऱ्याची मोजणी करावी. येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे. मुलांनी कचऱ्याला हात लावू नये. काचा, सुया, गंजलेले पत्रे कोठे असतील ते सांगता येत नाही. वस्तू उचलायची ती शिक्षकाने, हातमोजे घालून आणि चिमट्याने. मुलांनी केवळ वहीत खुणा करायच्या. खाडीच्या काठावर अथवा पाण्यात लहान मुलांना या कामासाठी नेऊ नये.

मोजणीचा तक्ता साधा असावा : कागद, कापड, काच, पत्रा, प्लॅस्टिकच्या बाटल्या, प्लॅस्टिकची पाकिटे, जाळ्यांचे तुकडे, अन्न. चार रेघा उभ्या आणि पाचवी आडवी, अशा पद्धतीने खुणा केल्या की गणिताचाही सराव होतो. मोजणी झाल्यावर शिक्षकाने विचारावे : 'सर्वांत अधिक काय सापडले? आणि सर्वांत कमी काय सापडले?'

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक बोलके असते. रिकाम्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे सहसा फार काळ पडून राहत नाहीत. का बरे? कारण त्यांना भंगारात किंमत येते. कचरा वेचणाऱ्या स्त्रिया आणि मुले ते उचलून नेतात. खाऊची चकचकीत पाकिटे मात्र तशीच राहतात, कारण प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटविलेले ते पाकीट वेगळे करून पुन्हा वापरणे अवघड असते आणि म्हणून ते कोणी विकत घेत नाही. थोडक्यात, काठावर उरतो तो कचरा म्हणजे ज्याला किंमत नाही तो कचरा. हे ध्यानात आले की मुलांच्या मनात आपोआप पुढचा प्रश्न उभा राहतो : 'मग असे पाकीट बनवितात तरी कशाला?' या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने घाईने देऊ नये. तो प्रश्न विचारला गेला हेच या तासाचे फलित होय.

जाळ्यांच्या तुकड्यांविषयीही येथेच बोलावे. पूर्वी जाळी सुताची किंवा तागाची असत व ती कुजत. आता ती नायलॉनची असतात आणि पाण्यात सुटलेले जाळे वर्षानुवर्षे मासे व कासवे अडकवीत राहते. कोळ्यांच्या मुलांना हे सांगताना आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. प्रामाणिक पाठ तोच, जो आपल्या घरापासून आरंभ करतो.

तिसरा तास : भरती, ओहोटी आणि तिवराची झाडे

मुंबई-कोकणातील वाचकाला भरती-ओहोटीचे नवल नाही. तेथे समुद्र चार-साडेचार मीटरपर्यंत चढतो आणि उतरतो. चेन्नईच्या किनाऱ्यावर हाच चढउतार जेमतेम एक मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे एन्नोरच्या खाडीत पाणी आत ओढण्याचे आणि बाहेर फेकण्याचे बळ बेताचे असते. मुखाशी वाळू साचली किंवा तळाशी गाळ बसला की ते आणखी कमी होते. खाडीच्या दृष्टीने उथळपणा हे एक दुखणेच आहे, कारण खाडी भरतीने श्वास घेते आणि ओहोटीने सोडते.

वर्गात याचा खेळ सहज करता येतो. एक उथळ परात घ्यावी, तिच्या एका बाजूला ओल्या मातीचा उतार करावा आणि त्या उतारावर खराट्याच्या काड्या उभ्या खोवाव्यात. या काड्या म्हणजे तिवराची झाडे. परातीत पाणी ओतून कागदाचे बारीक कपटे सोडावेत आणि परात हलक्या हाताने पुढे-मागे कलती करावी. पाणी काड्यांत शिरते आणि परतते. कपटे मात्र काड्यांपाशी अडकून बसतात. आता मुलांना विचारावे : 'आपण खाडीत टाकलेले समुद्रात वाहून जाते का?' त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते की काही जाते आणि पुष्कळसे परत येते. 'टाकले की गेले' हा मोठ्यांचाही समज या परातीतच बुडतो.

तिवराविषयी मुलांना दोन गोष्टी सांगाव्यात. एक म्हणजे, चिखलात हवा नसल्यामुळे या झाडांची काही मुळे जमिनीतून वर डोके काढून श्वास घेतात. ओहोटीच्या वेळी ती काठावर पेन्सिलींप्रमाणे उभी दिसतात. त्यांच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढली किंवा तेलाचा थर बसला तर झाड गुदमरते. दुसरी गोष्ट म्हणजे, याच मुळांच्या आडोशाला कोळंबीची आणि माशांची पिले वाढतात. पिलांचे हे पाळणाघर मोडले तर जाळ्यात येणार काय?

चौथा तास : राख आणि तेल

या तासाला शिक्षकाची खरी कसोटी आहे. येथे सौम्य शब्दांत परंतु खरे बोलले पाहिजे.

आरंभ गणिताने करावा. भारतीय कोळशात साधारणपणे तीस ते चाळीस टक्के राख असते. तेव्हा दहा किलो कोळसा जाळला तर राख किती उरेल? तीन ते चार किलो, हे चौथीतील मूल सांगू शकते. मग वीजकेंद्रात रोज हजारो टन कोळसा जळतो, त्या राखेचे काय होते? तिचा काही भाग सिमेंट आणि विटा बनविण्यासाठी जातो. उरलेली राख पाण्यात कालवून नळांवाटे दूरच्या राखतळ्यांत सोडली जाते. एन्नोरला हे नळ नदीच्या पात्रावरून गेलेले आहेत. नळ फुटले आणि राख खाडीत पडली असे वारंवार घडले. पात्राच्या तळाशी तिचे थर साचले, खोली कमी झाली. हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला आणि २०२२ साली लवादाच्या दक्षिण खंडपीठाने खाडीतील राख काढून पात्र पूर्ववत करण्याबाबत आदेश दिले.

प्रयोगासाठी कारखान्याची राख वर्गात कधीही आणू नये. तीत आरोग्याला अपायकारक धातूंचे अंश असतात. चुलीतील चाळलेली राख किंवा पांढरी माती पुरते. एका काचेच्या भांड्यात पाणी घेऊन खूण करावी आणि तळाशी चमचा चमचा माती टाकीत जावे. पाणी निवळले की भांडे स्वच्छ दिसते, पण तळ वर आलेला असतो. 'पाणी निर्मळ दिसले म्हणजे खाडी बरी आहे, असे म्हणता येईल का?' हा प्रश्न मुलांच्या वहीत राहू द्यावा.

तेलाचा प्रसंग तर मुलांच्या घरातलाच आहे. २८ जानेवारी २०१७ रोजी पहाटे एन्नोरच्या बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली आणि जहाजाचे काळे, घट्ट तेल किनाऱ्याला लागले. ते काढण्यासाठी माणसांना हाती बादल्या घेऊन उतरावे लागले. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचौंग' चक्रीवादळाचा पाऊस चेन्नईवर कोसळला, तेव्हा मणलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आवारातून तेल पुराच्या पाण्यात मिसळून बकिंगहॅम कालव्यावाटे एन्नोरच्या खाडीत आले. नावा काळ्या पडल्या, जाळी निकामी झाली, पाणपक्ष्यांच्या पंखांना तेल लागले. लवादाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. राज्य शासनाने दोन हजारांहून अधिक कोळी कुटुंबांना प्रत्येकी १२,५०० रुपये आणि बाधित नावांसाठी प्रत्येकी १०,००० रुपये मदत जाहीर केली. त्याच महिन्याच्या अखेरीस एका खतकारखान्याच्या समुद्रतळाखालून येणाऱ्या नळातून अमोनिया वायूची गळती झाली आणि रात्री लोकांना घरे सोडून रस्त्यावर यावे लागले.

या घटना सांगताना शिक्षकाने आवाज चढवू नये. ज्या मुलाने ते दिवस पाहिले आहेत त्याला आठवण काढावयास भाग पाडू नये. ज्याला बोलावेसे वाटेल त्याचे शांतपणे ऐकून घ्यावे. मग एका ताटलीत पाणी घेऊन त्यावर गोडेतेलाचे दोन थेंब सोडावेत. तेल पसरते, बुडत नाही. कोंबडीचे एक पीस त्यात बुडवून काढावे आणि कोरड्या पिसाशेजारी ठेवावे. एक पीस फुंकरीने हलते, दुसरे चिकटून बसते. याहून अधिक बोलण्याची गरज सहसा पडत नाही.

आता फळ्यावरील पहिल्या तासाचा जलनकाशा पुन्हा काढावा. त्या दिवशी पाकीट ज्या वाटेने गेले, तीच कालव्याची वाट तेलाने धरली होती, हे मुलांच्या लगेच लक्षात येईल. पाण्याला लहान-मोठे कळत नाही. मुलाने टाकलेले पाकीट आणि कारखान्याने सोडलेले तेल ते सारख्याच निष्ठेने वाहून नेते. दोष मात्र सारखा नसतो. पाकिटाचा दोष पाकिटाएवढा, तेलाचा दोष तेलाएवढा. ही तुलना करता येणे म्हणजेच न्यायबुद्धी, आणि ती नऊ वर्षांच्या मुलाला निश्चितपणे समजते. खेळाच्या मैदानावर ती तो रोज वापरीतच असतो.

'हे कोणाचे?'

तमिळमध्ये 'पोरंबोक्कु' असा एक जुना शब्द आहे. ज्या जमिनीवर सारा बसविलेला नाही आणि जी सर्वांच्या उपयोगाची आहे, अशी तळी, ओढे, नदीची पात्रे, गुरांची कुरणे यांना तो लावला जाई. आपल्याकडील 'गायरान' या शब्दाशी त्याचे नाते जुळते. काळाच्या ओघात या शब्दाला 'टाकाऊ', 'कुचकामी' असा अर्थ चिकटला आणि तो शिवीसारखा वापरला जाऊ लागला. २०१७ साली कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनी एन्नोरच्या खाडीवरील एका गीतातून हा शब्द पुन्हा अभिमानाने उच्चारला, त्यामुळे त्याची चर्चा सर्वत्र झाली.

शब्दाचा हा प्रवास मुलांना सांगण्यासारखा आहे. शिक्षकाने विचारावे : 'तुमचे दप्तर कोणाचे?' उत्तर येईल, 'माझे.' 'वर्ग कोणाचा?' 'आमचा.' 'खाडी कोणाची?' येथे बहुधा शांतता पसरेल. जे सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि जे कोणाचेच नाही तेथे कचरा टाकावयास कोणाचा हात अडखळत नाही, मग तो हात मुलाचा असो की कारखान्याचा. स्वच्छतेच्या पाठाचा गाभा हा आहे. कचरापेटीचा क्रमांक त्याच्यानंतर लागतो.

दुसऱ्या किनाऱ्यावरचा दाखला

मराठी वाचकांना हे सारे दूरचे वाटू नये म्हणून एका घटनेचे स्मरण करणे उचित होईल. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने शहराला वेढले. पाणी ओसरल्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी गटारे तुंबली हे कारण सर्वांच्या तोंडी आले. ते खरेही होते. परंतु तेवढेच खरे नव्हते. नदीचे पात्र भरावाने अरुंद झाले होते, विमानतळाच्या धावपट्टीपाशी ते वळविले गेले होते आणि खाडीकडील तिवरांची राने तोडून तेथे भराव पडला होता. पिशवी हातात धरून दाखविता येते. भराव दाखविता येत नाही. म्हणून दोष पिशवीवर, पर्यायाने ती टाकणाऱ्या सामान्य माणसावर, अधिक सहजपणे जातो. एन्नोर आणि मिठी या दोहोंचा धडा एकच आहे.

पिशवीवर उपाय करू नये, असा मात्र याचा अर्थ नाही. महाराष्ट्राने २०१८ साली आणि तमिळनाडूने १ जानेवारी २०१९ पासून एकदा वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. तमिळनाडूत डिसेंबर २०२१ मध्ये 'मंजप्पै', म्हणजे लग्नकार्यात आहेराबरोबर देण्याची रीत असलेली पिवळी कापडी पिशवी, पुन्हा वापरात आणण्याची मोहीम शासनाने सुरू केली. एके काळी ही पिशवी खेडवळपणाची खूण मानली जात असे. मुलांनी आजीला विचारावे, 'तुमच्या वेळी बाजारहाट कशात करीत?' आणि उत्तर वहीत लिहावे. उपायांपैकी काही उपाय नवे शोधावयाचे नसून जुने आठवावयाचे असतात.

मुलांनी काय करावे, मोठ्यांनी काय करावे

पर्यावरणाचे शिक्षण शाळेत दिले जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या अर्जावर सांगितले आणि २००३ साली त्याचा पुनरुच्चार केला. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत हा विषय स्थिरावला आहे. परंतु त्यातून एक अनिष्ट प्रथाही निघाली. मुलांच्या हाती फलक देऊन त्यांना रस्त्यावर उभे करायचे, छायाचित्र काढायचे आणि घरी पाठवायचे. लहान मुलांच्या खांद्यावर मोठ्यांचे भांडण ठेवणे योग्य नव्हे.

मुलांच्या वाट्याला त्यांच्या हाताला पेलतील अशीच कामे यावीत. आपल्या वर्गाचा कचरा ओला आणि सुका असा वेगळा करणे. डब्यात पाकिटाऐवजी घरचा खाऊ आणणे. रस्ता झाडणाऱ्या सफाई कामगाराचे नाव माहीत असणे आणि त्याला नावाने, आदराने हाक मारणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दर सोमवारी शाळेसमोरच्या गटाराची नोंद ठेवणे. पाणी वाहते की तुंबले? रंग कसा? वास कसा? काय तरंगते? तारीख घालून चार ओळी. अशी वही वर्षभर चालली की ती केवळ अभ्यासाची वही राहत नाही. तिच्यात त्या ठिकाणचा इतिहास साठत जातो. पुढील वर्षीच्या मुलांना ती वारसा म्हणून द्यावी.

मोठ्यांच्या वाट्याला दुसरे काम येते. गटार तुंबले तर महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाकडे आणि कालव्यात रसायन दिसले तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पत्र लिहावयाचे ते शिक्षकाने आणि पालकांनी, आपल्या सहीने. मुलांच्या वहीतील तारखा त्या पत्राला बळ देतील. पत्राचे उत्तर आले तर ते वर्गात वाचून दाखवावे. न आले तर तेही सांगावे आणि दुसरे पत्र लिहावे. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा पुस्तकात सापडणे कठीण.

चार तासांनी खाडी स्वच्छ होणार नाही, हे शिक्षकाने मुलांपासून लपवू नये. जी राख कित्येक वर्षे साचत आली ती एका वर्गाच्या नेटाने निघत नाही. पण पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे ज्याने लहानपणी एकदा बोटाने नकाशावर गिरविले, तो मोठेपणी कारखान्यात नोकरीला लागला काय, नाव वल्हवीत राहिला काय किंवा कार्यालयात कागदांवर सह्या करू लागला काय, 'हे कोठे जाईल?' असा प्रश्न त्याच्या मनात उठल्यावाचून राहणार नाही. एन्नोरच्या खाडीला त्या प्रश्नाची फार गरज आहे.

प्रश्न व उपक्रम

१. आपल्या घराजवळील गटारापासून समुद्रापर्यंत पाण्याची वाट दाखविणारा नकाशा काढा. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक ठिकाणाचे नाव घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

२. तुमच्या गावातील नदी, ओढा, खाडी किंवा पाड्याच्या नावाचा अर्थ काय? त्या नावातून पूर्वीच्या परिसराविषयी काय कळते?

३. मोजणीत कोणत्या वस्तू सर्वांत कमी सापडल्या? त्या कोणी उचलल्या असतील आणि का?

४. भांड्यातील पाणी निवळल्यावर तळाशी काय दिसले? 'पाणी स्वच्छ दिसते' आणि 'पाणी स्वच्छ आहे' या दोन वाक्यांत फरक कोणता?

५. जी गोष्ट सर्वांची आहे, तिची काळजी कोणी घ्यावी? आपले मत पाच वाक्यांत लिहा आणि शेजारच्या बाकावरील मुलाचे मतही लिहून घ्या.